बांधावरचा पिवळा बाण

बंद पडलेली खाण पुन्हा उघडायची की नाही, याची सोमवारी सुनावणी होती आणि तो निकाल सहा बाटल्या पाण्यावर अडला होता. त्या भरून आणायला आम्ही दोघं सरकारी जंगलात शिरलो. मी निवृत्त वनरक्षक, आणि माझी भाची पाणी तपासणारी. माझ्या थापांना जंगलातली अस्वलंसुद्धा कंटाळली आहेत. पण ही हकिकत खरी आहे. निदान बरीचशी.

खाणीचा गाळ एका मातीच्या बांधामागे तुंबलेला. त्यात तीन दिवस पावसाने झोडपलेलं. वाटेत चिखलाने माझा एक बूट मागून घेतला आणि परत देताना आतला मोजा ठेवून घेतला! भाची हसली नाही. बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन ती पुढेच. नमुने त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचले नाहीत तर बाद.

बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरत होतं. बाटली बुडवायची, हवेचा बुडबुडाही आत राहू द्यायचा नाही, झाकण पाण्याखालीच लावायचं. तीन बाटल्या भरल्या. चौथी तिने उजेडात धरली. पहिल्या तीन नितळ होत्या. ही चहासारखी गढूळ.

"मामा, बांध आतून वाहून चाललाय."

मी वर पाहिलं. बांधाच्या माथ्यावर मोटारसायकलींनी गुडघाभर खोल चरी कोरली होती आणि मागे साचलेल्या तळ्याचं पाणी तिच्यातून उतरत होतं. चरीच्या तोंडाशी खडकावर एक पिवळा बाण. तो बाण माझ्याच हातचा! वरून देखावा छान दिसतो, म्हणून पायी फिरणाऱ्यांसाठी बारा वर्षांपूर्वी मीच रंगवला होता. आधी पाय आले, मागोमाग चाकं.

आणि तीच चाकंवाली तेरा माणसं खाली ओढ्याकाठी तंबू ठोकून बसली होती.

भाचीने पेटीकडे पाहिलं. एकदाच. मग ती दगडावर ठेवली.

आम्ही पळालो. घसरलो. उठलो. पुन्हा पळालो!

मी धापा टाकत सगळं सांगितलं. पण मागच्याच आठवड्यात याच मंडळींना मी अस्वलाने माझा चष्मा पुसून दिल्याची गोष्ट ऐकवली होती. लाल हेल्मेटवाला म्हणाला, "काका, आज अस्वलाला सुट्टी वाटतं?" भाचीने ओळखपत्र पुढे केलं, तर म्हणे, तुमचीच भाची ना, मग झालंच.

त्याच्या पाठीमागे ओढा तांबडा होत होता. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि गिऱ्हाईक नव्हतं.

"बरं, राहिलं," मी म्हणालो. "खालच्या रस्त्याने पथक येतंय. बिनपरवान्याच्या गाड्या जप्त करतायत. त्या डोंगरसोंडेवरून निघालात तर सुटाल."

चार मिनिटं! तंबू उभे, चुलीवर भांडं तसंच, आणि तेरा गाड्या सोंडेवर. जिवासाठी न हललेली माणसं गाड्यांसाठी उडाली. आम्ही झुडपं धरधरून त्यांच्या मागोमाग सोंडेवर चढलो. अर्ध्यावर असताना जमीन हादरली. बांध फुटला! तांबडा गाळ झाडं उपटत आला, तंबू गिळले, भांडं गिळलं. पेटी तर त्याच्या वाटेत पहिलीच होती.

भाची चिखलात बसून राहिली. सुनावणीला रिकाम्या हाताने जायचं होतं. मी तिच्याशेजारी बसलो. सांगायला एकही थाप सुचेना.

सोमवारी सकाळी वनकार्यालयात माझ्याविरुद्ध तक्रार आली. पथकाची खोटी बातमी देऊन घाबरवलं, तंबू सोडून पळावं लागलं, सामानाचं नुकसान झालं. त्यांनी तंबू कुठे ठोकले होते, किती वाजले होते, ओढा कधी तांबडा झाला, किती मिनिटांनी गाळ आला, सगळं तपशीलवार. खाली तेरा सह्या.

भाचीने ती दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि त्या तक्रारीची प्रत सुनावणीच्या टेबलावर ठेवली. बांध फुटल्याला तेरा साक्षीदार मिळाले आणि खाण उघडली नाही.

मला लेखी समज मिळाली. ती खिशात घालून मी काळ्या रंगाचा डबा घेतला आणि खडकावर उरलेला बाण पुसायला निघालो.