एकतिसावं अक्षर

आपल्याला खोटं बोलता येत नाही, असं महानंदाचं स्वतःबद्दल पक्कं मत होतं.

जळकोटला निघताना तिने जीपमध्ये आधी पाण्याचे चार जार चढवले, मग कॅमेरा. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेने येत होतं, आणि वाटेवरच्या फलकांवर नवा जिल्हा मागणारे पुढारी हात जोडून हसत होते. विहिरी बांधणाऱ्या पाथरवटांची जुनी लिपी मोबाइलवर टाइप करता यावी, म्हणून नांदेडच्या या बाईने चार वर्षं उन्हं झेलली होती. तीस अक्षरांचे फोटो होते. एकतिसावं मात्र कुठल्याच दगडावर सापडेना. लिप्यांना मान्यता देणाऱ्या समितीला प्रत्येक अक्षराचा पुरावा हवा होता, आणि तोही सोमवारपर्यंत. नाहीतर सगळी मेहनत मातीमोल.

ते अक्षर येणारी एकच उरली होती, कस्तुराबाई. ऐंशीच्या पुढची, ओठ फुटलेले. दारात तीन घागरी आडव्या पडल्या होत्या. आठ दिवस टँकर आला नव्हता.

"ते कोरत न्हाईत, माय," ती म्हणाली. "हीर आटली की तळाला पाण्यानं लिवायचं, बोटानं. वाळंस्तवर पाठमोरं हुभं ऱ्हायचं. वाळलं की मगच फिरायचं."

"कोरलं तर?"

"ते ठिवायचं न्हाई."

असली उत्तरं महानंदाने ढिगाने ऐकली होती. तिने घागरींकडे पाहिलं, मग जीपकडे.

"मावशी, चारही जार तुमचेच. पण आधी अक्षर."

"आदी घोटभर तरी दे गं."

"आधी अक्षर."

हे म्हणताना तिचा आवाज अगदी गोड होता. मला राग येतो तो त्या गोडपणाचा.

तिने बाटलीच्या झाकणात पाणी ओतून दिलं. म्हातारीने ते पिऊन टाकलं नाही, याचं महानंदाला आश्चर्यही वाटलं नाही. कस्तुराबाईने बोट बुडवून उंबऱ्याच्या दगडावर एक वाकडी रेघ ओढली, तिला छेदणारी दुसरी, खाली टिंब. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"फोटू नगं काढू, माय."

कॅमेरा वाजला.

दगड तव्यासारखा तापलेला होता. दहा मिनिटं झाली, तरी अक्षर ओलंच. दगडच तसा असेल, असं म्हणून महानंदाने आणखी चार फोटो काढले.

"वाळलं का?" म्हातारीने पाठमोरंच विचारलं.

महानंदाला अंधाराआधी नांदेड गाठायचं होतं.

"हो, वाळलं."

कस्तुराबाई वळली. उंबऱ्यावरचं ओलं अक्षर तिने पाहिलं.

फाइल सोमवारी गेली. मंगळवारी शेजारच्या मलप्पाचा फोन आला. "म्हातारी गेली, म्याडम. तुमचे चारी जार तसेच भरलेले हायत. आमी पाजून बघितलं, पर पानी व्हटावरच वाळायचं."

उष्माघात, महानंदा मनाशी म्हणाली. त्या रात्री ती छान झोपली.

दोन वर्षांनी मान्यता आली. श्रावण होता, अंगणात डबकी साचली होती. महानंदाने मोबाइलवर एकतिसावं अक्षर टाइप केलं आणि सहा वर्षांच्या लेकीला, सिंधूला, कौतुकाने दाखवलं. सिंधूने पेल्यात बोट बुडवून ते लगेच स्वयंपाकाच्या ओट्यावर गिरवलं.

महानंदाने फडकं फिरवलं. अक्षर तसंच राहिलं. फडकं कोरडंच निघालं.

संध्याकाळपर्यंत सिंधू नऊ पेले पाणी प्यायली. आणखी मागत होती.

मग अंगणात पडली. गुडघा फुटला. ऊर फुटेस्तोवर रडली. महानंदाने पदराने तिचे डोळे पुसले.

पदर कोरडा राहिला. गुडघ्यावर रक्तही नव्हतं.

सिंधू हुंदके देत उठली, घरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आई," तिने पाठमोरंच विचारलं, "वाळलं का?"

महानंदाने ओट्यावरच्या ओल्या अक्षराकडे पाहिलं. तिला खोटं बोलता येईना.