उंबऱ्यावरचा भार

“अनोळखी पाऊल. कृपया मागे व्हा,” दारानं पुन्हा बजावलं, तशी घैसासांनी त्याला अनवाणी लाथ घातली. चंद्रावर लाथ घातली की माणूसच मागे उडतो. तेही उडाले.

“सर, लागलं का?” चांद्रतळाच्या डॉक्टर वसुधा खांबेटे धावल्या.

“मला काय होतंय! मीच बनवलेला उंबरा मलाच ओळखत नाही, डॉक्टर!”

ओळख-उंबरा हे घैसासांचं आयुष्यभराचं काम. चपला आपण दाराशी काढतोच, मग किल्ली हवी कशाला? अनवाणी पावलाचा आकार पाहून उंबऱ्यानं दार उघडावं. वजन बदलतं, आकार बदलत नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. आणि तळावर पोचल्या दिवशीच उंबऱ्यानं पाचही जणांना परकं ठरवलं होतं. दारापलीकडे पेरणीघरात रोपं पाण्यावाचून माना टाकत होती.

“पाऊल म्हणजे दगड नव्हे, सर. तळव्याला कमान असते. अंगाचा भार पडला की ती दबते, पाऊल लांब-रुंद होतं. ठसे आपण पृथ्वीवर दिले. इथे वजन सहावा हिस्सा. कमानी वर आल्या, पावलं आखडली.”

“हे तिथेच सांगायला काय झालं होतं?”

“सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, डॉक्टरांनी सर्दी-पडसं बघावं.”

घैसासांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

“मग? दार फोडायचं?”

“नको. आम्ही चौघं तुमच्या अंगावर चढतो.”

“मला काय गोविंदा समजलात?”

“पाच जणांचा इथला भार म्हणजे पृथ्वीवर जवळजवळ तुमच्या एकट्याचा. तो तर तुम्ही जन्मभर वाहताय.”

दोघं खांद्यांवर, एक पाठुंगळीला, खांबेटे गळ्याशी लोंबकळून. घैसास दात-ओठ खात उंबऱ्यावर उभे राहिले.

“या, घैसास,” दार म्हणालं आणि उघडलं.

रोपं वाचली. घैसासांचा राग मात्र उतरेना. त्यांनी त्याच दिवशी सगळ्यांचे ठसे नव्यानं घेतले, सगळ्या उंबऱ्यांना ओळख पुरवणाऱ्या पृथ्वीवरच्या केंद्रात पाठवले.

“जुने असू द्यावेत, सर,” खांबेटे म्हणाल्या.

“पुसून टाका! एका माणसाची दोन पावलं? पुन्हा गोंधळ नको मला.”

वर्षभरानं ते पुण्याला परतले. पायांत बळ नव्हतं, पण काठी नाकारली, जावयाचा हात झिडकारला. भिंत धरत धरत एकटेच दारापर्यंत गेले. या घरात ते एकटे राहत. मुलीचाही ठसा त्यांनी कधी घेऊ दिला नव्हता. चपला काढून ते उंबऱ्यावर उभे राहिले.

“अनोळखी पाऊल. कृपया मागे व्हा.”

“अरे, काय कटकट आहे!” ते ओरडले. मग त्यांनी खाली आपल्या पसरलेल्या पावलांकडे पाहिलं.

“बाबा, काय झालं?” मागून आलेल्या मुलीनं, शाल्मलीनं विचारलं.

“मला उचला,” ते पुटपुटले.

“काय?”

“दोघं दोन बाजूंनी काखेत धरा. पाय टेकू देत, पण भार तुम्ही घ्या. जवळजवळ सगळा.”

मुलीनं एका बाजूनं धरलं, जावयानं दुसऱ्या. घैसासांचे तळवे उंबऱ्यावर जेमतेम टेकले.

“या, घैसास.”

दार उघडलं. “आता सोडू, बाबा?”

“सोडू नका,” घैसास चिडून म्हणाले. “अजून उंबऱ्यावरच आहे मी.”