हाताला ऐकू आलेली घंटा

तारीख चौदा डिसेंबर, वार रविवार. दिवसभर आभाळ भरलेलं, वारा अगदी पडलेला, आणि दिवेलागणीपासून असं धुकं की समोरच्या घरातला दिवा नुसता डाग वाटावा. तारीख एवढी ठाम सांगतोय, कारण ज्याच्यासमोर हे घडलं तो माझा मित्र दुसऱ्या दिवशी याच खोलीत बसून मला हे सांगत होता.

आधी ते फोन मुके करा बरं.

"काका, घाबरवायला सुरुवात झाली वाटतं," भाची म्हणाली.

घाबरवत नाही गं. झालं तसं सांगतो.

या मित्राला आम्ही तळटीप म्हणतो. त्याचं कामच तसं आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तो सिनेमाच्या तळाशी इंग्रजीत मजकूर लिहितो. नुसतं बोलणं नाही, आवाजसुद्धा. दार आपटलं, कुत्रं भुंकलं, सगळं. त्यात सगळ्यात कटकट घंटेची. आपण टणटण म्हणतो, घणघण म्हणतो, किणकिण म्हणतो. शब्द कानावर पडला की आवाज कळतो. इंग्रजीत तसं नाही, प्रत्येकीचं नाव पाठ करावं लागतं. नाजूक वाजली तर टिंकल. घड्याळातली सुरेल, ती चाइम. धातूवर धातू आदळला की क्लँग. मोठी, संथ, ठोक्याठोक्यात अंतर ठेवणारी, ती टोल. पुष्कळशा एकदम, आनंदाच्या, तर पील. आणि पोटात शिरतो तो बूम.

त्याच्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्यामुळेच तो या धंद्यात पडला. त्याने तिला हे शब्द शिकवले ते स्पीकरवर तिचा तळवा ठेवून. धाकटी खुणांनी सांगायची, क्लँग म्हणजे चापट, आणि बूम म्हणजे म्हैस अंगाला रेलली. टिंकलवर मात्र तिचा विश्वास नव्हता. "हे तू मनचं सांगतोस, असं काही नसतं." एकदा पुराचा सिनेमा आला होता, त्यात टॉक्सिन आला.

"टॉक्सिन म्हणजे विष ना?" भाच्याने विचारलं.

ते वेगळं, स्पेलिंगही वेगळं. हा टॉक्सिन म्हणजे धोक्याची घंटा. गावावर संकट आलं की ताल नाही, थांबणं नाही, नुसती बडवत सुटायची. ज्याला जाग येईल त्याने आहे तसं बाहेर पडायचं.

तर त्यांच्या घरात एक नियम होता. घंटेसाठीचा शब्द धाकटीच्या तळव्याने पास केल्याशिवाय लिहायचा नाही.

त्या महिन्यात एक माहितीपट आला, घंटा ओतणाऱ्या एका म्हाताऱ्या ओताऱ्यावर. म्हातारा आदल्या पावसाळ्यात गेला होता. पडद्यावर त्याची शेवटची घंटा दिसायची, माणसाच्या छातीएवढी उंच, आणि तिच्यावर लाकडी मोगरी पडायची. धाकटीने स्पीकरवर हात ठेवला आणि मान हलवली. "हा स्पीकर खोटं बोलतोय. एवढ्या थोराड बाईचा एवढासा आवाज?" आवाज रेकॉर्ड करणाऱ्याने खालचा सूर घालवला होता. मित्राने ओताऱ्याच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, घंटा उद्या सकाळी ट्रकने जाणार, हात लावायचा तर आजच या.

म्हणून दोघं गाडीने निघाले. धुक्यामुळे पोचायला अकरा वाजले.

घर रस्त्याला लागून, मागे कारखाना. दार मुलाने उघडलं. झोपेचं खोबरं झालेला, पण माणूस बोलका. "जगात लोक घंटा ऐकायला येतात, तुम्ही चाचपायला आलात," म्हणत त्याने त्यांना मागे नेलं. घंटा छताच्या गर्डरला साखळीने टांगलेली, काठ जमिनीपासून गुडघाभर वर. आतून ठोके देणारा लोलक अजून बसवलेला नव्हता. तो भिंतीशी पडला होता, म्हाताऱ्याने ठेवला तसा.

मुलाने मोगरी मारली. धाकटीने दोन्ही तळवे लावले, डोळे मिटले. बराच वेळ तशीच राहिली. मग हसली. तिने बोटाने भावाच्या तळहातावर लिहिलं, बूम. थांबून लिहिलं, टोल. इंग्रजी शब्दांसाठी त्यांची तीच रीत होती.

काम झालं. चहा घेऊन निघायचं.

"दोन मिनिटं," मुलगा म्हणाला. "लोलक अडकवायला आत लोंबती दांडी आहे, तिची कडी घासून घेतो, सकाळी वेळ मिळायचा नाही." कानस आणि बॅटरी घेऊन तो पाठीवर सरपटत घंटेखाली शिरला. पोटापासून खाली तेवढा बाहेर.

"टेकू नाही का लावत?" मित्राने उगाच विचारलं.

"बाबा असते तर लावल्याशिवाय आत जाऊच दिलं नसतं. चार ठोकळे, चार बाजूंना, मगच डोकं. त्यांचं सगळंच संथ हो." आतून आवाज घुमून येत होता. पाठोपाठ कानशीची खरखर सुरू झाली.

मित्र गाडीची किल्ली शोधत होता. धाकटी निरोप घ्यायला म्हणून घंटेशी गेली. पाठ थोपटावी तसा तिने हात ठेवला.

आणि तो तिथेच राहिला.

तिने भावाकडे पाहिलं. दुसऱ्या हाताने त्याचा तळहात ओढून घेतला. लिहिलं, टोल.

तो हसला. खुणेने म्हणाला, मघाशी वाजली ती. आता नाही.

तिने मान हलवली. टोल. थोडं थांबून पुन्हा... टोल.

त्याने कान लावला. काही नाही. घंटेला हात लावला. थंड, मुकी. कुठलंही पोर सांगेल, ती वाजत नव्हती.

आता ती लिहीत नव्हती. नुसती बोटाने त्याच्या तळहातावर ठोके देत होती. एक... मग एक... मग अंतर कमी. आणखी कमी.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की कानशीची खरखर थांबली आहे.

पण मुलाचा कोपर हलत होता. काठाखालून दिसत होता. मागे, पुढे, मागे, पुढे. लोखंडावर कानस चाललेली... आणि आवाज नाही.

धाकटीचं बोट वेड्यासारखं नाचायला लागलं. मग एकदम थांबलं. तिने घाईघाईने अक्षरं काढली.

टॉक्सिन.

आणि आता ऐका, आमचा तळटीप काय करत होता. तो शब्द तपासत होता. आयुष्यभराची सवय. त्याच्या मनात आलं, हा शब्द जुना आहे, गावासाठी आहे, इथे अलार्म म्हणायला हवं. तो खुणेने तिला तसं सांगायलाही लागला. मला हे सांगताना तो तीनदा म्हणाला, "मी शब्द सुधारत होतो रे."

धाकटीने त्याचा हात झटकून टाकला. वाकली. मुलाचे दोन्ही पाय घोट्याशी धरले आणि मागे ओढायला लागली. मुलगा जड. हलेना. मग मित्राने एक पाय धरला.

तो बाहेर आला. डावा कोपर फाटलेला. "अहो, काय चाललंय..."

वर काहीतरी उकललं.

"काय?" भाचा हळूच म्हणाला.

साखळीची कडी.

घंटा सरळ खाली आली. त्या आवाजाला मित्राकडे मराठीत शब्द नव्हता, इंग्रजीतही नव्हता. आजूबाजूची घरं जागी झाली. धाकटीने छाती धरली आणि खाली बसली.

मग मुलानेच तोंड उघडलं.

"तुम्ही हाक मारत होतात का? मला काहीच ऐकू आलं नाही. आत... फार शांत होतं. माझा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता मला."

मित्राने विचारलं, "मग बाहेर का नाही आलास?"

"वाटलं, कोणीतरी धरून ठेवलीय. घंटा. वाजू नये म्हणून आपण हाताने धरतो ना, तशी."

भाचीने शालीतून हात बाहेर काढला आणि परत आत घेतला. "म्हणजे ते म्हातारे..."

ते मी म्हणालो नाही. त्यांच्यापैकीही कोणी म्हणालं नाही. झालं तेवढं सांगतो.

रात्रभर तिघं स्वयंपाकघरात बसून राहिले. सकाळी ट्रकबरोबर क्रेन आली. घंटा उचलली. तडा नव्हता. मुलाला डाव्या कोपराला तीन टाके पडले. माहितीपटात टोल हाच शब्द गेला.

घंटा आडवी केल्यावर मुलाने आत बॅटरी मारली. ओतल्यापासूनचा आतला काळपट थर जसाच्या तसा होता. फक्त काठाच्या जरा वर, समोरासमोर दोन ठिकाणी, तो उडालेला होता, आणि तिथे त्या कधीच न बसवलेल्या लोलकाच्या मापाचे दोन खळगे पडले होते, ताजे, पितळेसारखे चकचकीत.