गप्प राहण्याची नोंद

लिफ्ट चुकीच्या मजल्यावर थांबली आणि दुभाषा चुकीच्या दारात येऊन उभा राहिला.

"चहा इथंच मिळतो ना?"

"इथं बैठका मिळतात," कपाटाआडून आवाज आला. "जुन्या आहेत. शिळ्या चालतील?"

आवाज कुलूपबाईचा. अनेक देशांनी मिळून चालवलेली ती संस्था. वरच्या मजल्यांवर माणसं बोलायची आणि खाली रेकॉर्ड रूममध्ये ही एकटी त्यांचं बोलणं सांभाळायची. हातून कागद सुटत नसे, म्हणून नाव पडलं कुलूपबाई. वय तिशीच्या आतलं, पण कागदांच्या बाबतीत थेट आजेसासू!

दुभाषा हसला आणि चहा विसरून टेबलावरची उघडी फाईल वाचू लागला. वाचता वाचता त्याचं हसू मावळलं.

"'नदीकाठची वस्ती हलवण्यास सर्वांची संमती'… या बैठकीला मी होतो. वस्तीच्या माणसांनी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

"म्हणजे हरकत घेतली नाही. हरकत नाही, ती संमती. आपली लिहायची रीतच आहे तशी."

"आपली असेल. त्यांच्याकडं पाहुण्याला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. खाली बघून गप्प बसतात. त्याहून मोठा नकार नाही त्यांच्याकडं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मला बोललेल्याचं भाषांतर करायला ठेवलंय, बाई. गप्प बसण्याचं कोण करणार?"

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. आजवर किती गप्प माणसं आपण 'संमती'च्या कपाटात कोंडली असतील? त्या दुपारी हा हिशेब काही केल्या जुळेना.

खोडाखोड तिच्या धर्मात बसत नव्हती. तिनं फाईलला पुरवणी जोडली: 'वस्तीचे लोक गप्प राहिले. त्यांच्या रीतीप्रमाणे हा नकार असू शकतो. पुन्हा विचारावे.'

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आता शांततेच्याही फायली? उद्या खोकल्याची नोंद ठेवाल!" पण कुरकुरत का होईना, त्यांनी माणसं धाडली. या वेळी विचारलं वस्तीतल्याच म्हाताऱ्या बायकांनी, वस्तीच्याच अंगणात. वस्ती जागची हलली नाही.

त्यानंतर लिफ्ट रोजच चुकू लागली.

दुभाषा दोन कप घेऊन यायचा. दोघं जुन्या बैठका वाचायची… कुठल्या देशात मान डोलावणं म्हणजे नुसतं 'ऐकतोय', कुठल्या देशात 'बघू' म्हणजे 'विसरा'. एकदा त्यानं कपाटांकडं बोट केलं. "या पट्ट्या कसल्या?"

"पांढरी म्हणजे तात्पुरतं. लाल म्हणजे कायम जपायचं."

"आणि मी कुठल्या कपाटात?"

"तुमची अजून छाननी चालू आहे," ती म्हणाली खरी, पण कान तेवढे लाल पट्टीचे झाले.

मग एका दुपारी तो कप नुसताच फिरवत बसला. "माझा करार संपतोय. दुसऱ्या खंडातल्या कचेरीचं बोलावणं आलंय." कप थांबला. "मी… थांबू का? म्हणजे — तुमच्यासाठी?"

ती खाली बघू लागली. ओठांच्या कोपऱ्यातलं हसू केसांआड गेलं. तिच्या घरात असल्या प्रश्नाला मुलगी खाली बघून गप्प राहिली, की आई आणि मावशी एकमेकींना डोळे मिचकावत. तिच्या लेखी तिनं सही करून वर शिक्काही मारला होता.

"बरं," तो हळूच म्हणाला आणि निघून गेला.

"भाजीत दोनदा मीठ?" संध्याकाळी आई म्हणाली. "स्वारी आहे कुठं?"

"इथंच तर आहे," म्हणत तिनं तिसऱ्यांदा घातलं.

पण लिफ्ट चुकायची थांबली. आणि एके सकाळी साहेबच खाली उतरले.

"दुभाषा चाललाय. आज तो तसं वर कळवणार आहे."

"का?"

"म्हणाला, एका ठिकाणी विचारलं होतं, उत्तर 'नाही' आलं." साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्याकडं काही नोंद असेल, तर बघा बाई."

ती जागच्या जागी थिजली. खाली बघणं. गप्प राहणं. त्यानं ते नदीकाठच्या रीतीनं वाचलं होतं! साऱ्या दुनियेच्या गप्प बसण्याला पुरवण्या जोडल्या, आणि स्वतःच्या उंबऱ्यातच ठेच लागली.

तिनं लिफ्टची वाट पाहिली नाही. जिने चढून ती सभागृहाजवळच्या काचेच्या खोलीत शिरली, तेव्हा तो हेडफोनची वायर गुंडाळत होता.

"एक नोंद चुकलीय," ती धापा टाकत म्हणाली.

"कुठली?"

"त्या दुपारची. मी गप्प राहिले होते."

"पाहिलं की मी. खाली बघत होतात तुम्ही. मला वाचता येतं ते."

"डोंबल येतं! जगभरच्या गप्प माणसांचं कळतं, आणि समोर बसलेलीचं… आमच्या घरात त्याला 'हो' म्हणतात."

वायर त्याच्या हातातून सुटली.

"मग पुन्हा विचारायला हवं," तो म्हणाला. "पुरवणीत तसंच लिहिलंय ना? … थांबू?"

"थांबा."

"मुदतवाढ मागायची, तर मुदत सांगावी लागते. किती लिहू?"

सवयीनं तिची मान खाली चालली होती. तिनं ती अर्ध्यावरच अडवली, वर केली आणि थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"लाल पट्टी."