खडूची पावलं

शेकोटीत अजून एक लाकूड सरकवा आणि जवळ या. उद्या सकाळच्या गाडीनं तुम्ही चौघं गोंदियाला अजबघराच्या वर्गाला निघालात म्हणे. जा, खुशाल जा. फुकट शिकवतात, कागद आणि कोळसाही त्यांचाच. मी काही आडवा येत नाही. फक्त तिथली एक रीत आधी माहीत करून घ्या. हे मी इकडून तिकडून ऐकलेलं सांगत नाही. केवळराम आपल्या बांधाकडचा, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला. त्यानं स्वतः सांगितलं, आणि जे त्याला सांगता आलं नाही ते तिथल्या चुन्नीलाल चौकीदारानं सांगितलं.

साल छप्पन. फेब्रुवारीची पाच तारीख, रविवार, पौष वद्य नवमी. देवलगाव स्टेशनावर दुपारची छोट्या लाईनची गाडी पकडून केवळराम गोंदियाला निघाला. काम साधंच होतं, एक चित्र आणायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आत्याची, देवकाबाईची तेरवी. घरात तिचा एक फोटो नाही. गरिबाघरच्या बाईचा फोटो काढतो कोण? तेव्हा त्याचे वडील मनिराम त्याला म्हणाले, "तू काढला ना तिचा चित्र? तोच आन. पाटावर ठेवू."

केवळराम "हो" म्हणाला आणि निघाला. त्या चित्रात काय आहे ते घरात त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. चित्रात लुगडं होतं, मांडीवर ठेवलेले हात होते, खुर्ची होती. चेहरा नव्हता.

आता हे असं कसं झालं, ते ऐका.

अजबघर म्हणजे टेकचंद सेठच्या घराचा वरचा मजला. सेठच्या वडलांना जुन्या वस्तूंचा भारी नाद. तैलचित्रं, दगडी मूर्ती, पेंढा भरलेला बिबट्या, बंद पडलेली घड्याळं, सगळं तिथं मांडलेलं. वडील गेल्यावर सेठनं तो मजला पोरापोरींसाठी उघडला. चौदा ते बावीस वर्षांचं कोणीही दर रविवारी यावं, समोरची चित्रं बघावी, काढावी. फी नाही. लोकांनी आधी शंका काढल्या, फुकट कोणी काही देतं का, पोरं पळवून चहाच्या मळ्यावर नेत असतील, असं काय काय. मग केशोराव मास्तरांना पाहिलं आणि लोक गप्प झाले. तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेला, खोकणारा, शांत माणूस. तो कोणाला पळवणार?

केवळराम एकोणीस वर्षांचा. धान निघालं की हात रिकामे, म्हणून जायला लागला आणि पक्का रमला. त्याचा हात चांगला होता, मास्तरांनी तसं सांगितलंही.

जानेवारीत मास्तरांनी सांगितलं, घरचं एक माणूस घेऊन या, त्याला बसवून चित्र काढू. आणि रीत समजावली. बसणाऱ्याच्या पावलांभोवती जमिनीवर खडूनं रेघ ओढायची, म्हणजे पुढच्या रविवारी पाय पुन्हा तिथंच येतात. काढणारा "उठा" म्हणेपर्यंत बसणाऱ्यानं हलायचं नाही. चित्र झालं की ज्यानं रेघ ओढली त्यानंच ती पुसायची. तोवर ती जागा त्या माणसाची. आणि चेहरा सगळ्यात शेवटी काढायचा.

केवळरामनं आत्याला नेलं. आई गेली तेव्हा हा तीन वर्षांचा, तेव्हापासून विधवा देवकाबाईनंच याला वाढवलं होतं. तंबाखूचा गुडाखू घासून काळे झालेले दात, पायाला भेगा, डाव्या पायावर कधीतरी बैलानं खूर ठेवलेला, त्यामुळे करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. आयुष्यात ती खुर्चीवर कधी बसली नव्हती. बसली आणि जी थिजली ती थिजलीच. नाकावर माशी बसली तरी हलली नाही. भाच्याच्या चित्रात आपल्यामुळे काही बिघडू नये, एवढंच तिच्या मनात.

पहिल्या रविवारी अंग, लुगडं, हात झाले. दुसऱ्या रविवारी चेहरा घ्यायचा होता. पण त्या दिवशी गोंदियाची दोन पोरं तिच्या पायांकडे बघून हसली. एकानं विचारलं, "ये कौन है तेरी?"

आणि केवळराम म्हणाला, "घरी कामाले असते."

तिला ऐकू गेलं. चार हातांवर तर बसली होती. ती हलली नाही, कारण त्यानं उठ म्हटलं नव्हतं. त्यानंतर ती सगळी दुपार केवळरामनं तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. लाज वाटली त्याला. लुगड्याच्या चुण्याच पुन्हा पुन्हा गिरवत बसला. पाच वाजता वर्ग सुटला तेव्हा पोरं म्हणाली, चल, स्टेशनवर चहा पिऊ, मेल बघू. हा "बस, आलोच" म्हणून त्यांच्याबरोबर गेला. गप्पांत परतीच्या गाडीची वेळ झाली. वाटलं, वर्ग बंद झालाय, आत्या आपली आपण आली असेल, बायकांच्या डब्यात बसली असेल. गावी उतरून पाहतो तर आत्या नाही, आणि रात्री परत जायला गाडी नाही.

रात्री नऊला चुन्नीलाल कंदील घेऊन वर गेला तेव्हा ती अंधारात तशीच बसलेली. पाय खडूच्या आत. चुन्नीलाल म्हणाला, अरे बाई, क्लास तो कब का छूट गया. ती म्हणाली, "केवळनं उठ नाही मनलं." त्यानं हाताला धरून तिला खाली आणलं. रात्र फाटकाजवळच्या पडवीत काढली. ते पौषातलं हीव तुम्हाला सांगायला नको. सकाळच्या गाडीनं घरी आली ती कुडकुडतच. भाच्याला एका शब्दानं बोलली नाही, की घरात कोणाला सांगितलं नाही. फक्त विचारलं, "झालं का रे तोंड?" छातीत कफ भरला. मंगळवारी रात्रभर तेच विचारत होती. बुधवारी गेली.

तर असा हा केवळराम चित्र आणायला निघाला होता. मनाशी ठरवलेलं, तिथंच बसून चेहरा काढू आणि मग घेऊन जाऊ. गाडी वाटेत रखडली. अजबघराशी पोचला तेव्हा वर्ग सुटून गेलेला, घड्याळात पावणेआठ. चुन्नीलालनं कुलूप काढलं, कंदील दिला. जेवून येतो, तोवर तुझं काम उरक, म्हणाला आणि गेला.

वर सगळं तसंच होतं. खुर्ची खिडकीशी. खुर्चीसमोर फरशीवर खडूची दोन पावलं. डाव्या पावलाची रेघ करंगळीपाशी फुगलेली. चुन्नीलालनं आजूबाजूनं झाडलं होतं, रेघ वाचवून. रीतच होती ना तशी.

केवळरामनं चित्र फळीवर लावलं. तिपाईवर बसला. चपला वरच्या दाराशी काढलेल्या, पाय अनवाणी, फरशी बर्फ. कोळसा हातात घेतला आणि डोळे मिटले.

चेहरा येईना.

सोळा वर्षं तिनं हातानं भरवलेलं. रोज पाहिलेला चेहरा. हात आठवत होते, पाय आठवत होते, आवाज आठवत होता. तोंडाच्या जागी काही नाही. त्यानं एक चेहरा काढला, तो वडलांचा झाला. पुसला. दुसरा काढला, ती कोणीतरी बाजारात पाहिलेली बाई. पुसला. पुसून पुसून कागद काळा पडला, बोटं काळी झाली, तळवे काळे झाले. त्याला रडू फुटलं. उद्या पाटावर काय ठेवायचं? वडलांना काय सांगायचं? की जिनं वाढवलं तिचं तोंड मी विसरलो?

तेवढ्यात कंदिलाची ज्योत बसत गेली. तेल संपलं होतं.

अंधार. खिडकीबाहेरही काही नाही, नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतरचा.

तो उठणार होता.

खुर्ची करकरली…

समोरची. रिकामी.

मग वास आला. गुडाखूचा. अगदी जवळून.

"झालं का बाबू?"

आवाज तोच. थकलेला. रागाचा नाही.

काय सांगणार तो? नाही म्हटलं तर ती बसून राहणार. आज, उद्या, कधीपर्यंत… कोण जाणे. त्याला तिला उठवायचं होतं. खरंच उठवायचं होतं. म्हणून तो खोटं बोलला.

"झालं, आत्या."

"मंग उठू?"

"उठ."

…गुडघे वाजले. आधी एक. मग दुसरा. पाय फरशीवर आले. एक सरळ पडत होता. एक जरा घासत. त्याच्याकडे येत होते.

मागे येऊन थांबले.

ती चित्र बघत होती. अंधारात. त्याच्या खांद्यावरून.

किती वेळ… सांगता येत नाही, म्हणतो तो. तिला काय दिसलं, ते त्याला कळत होतं. कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. माफ कर म्हणायचं होतं. तेवढं तरी…

मग पुन्हा गुडघे वाजले. या वेळी खाली. त्याच्या पायाशी.

खर्र…

उजव्या टाचेला गार काहीतरी लागलं. सरकलं. थांबलं. पुन्हा सरकलं.

खर्र… खर्र…

उजवं पाऊल झालं. मग डावं.

त्यानं पाय ओढायचा प्रयत्न केला. पाय त्याचे नव्हतेच.

"आता तू बस," ती म्हणाली. "मी उठ मनीन तवाच उठजो."

मग काही नाही. वासही नाही.

नऊला चुन्नीलाल परतला. खालून हाक मारली, वर उजेड नाही, आवाज नाही. वाटलं, पोरगं काम उरकून गाडीला गेलं. त्यानं खालचं दार लावलं, कुलूप घातलं. केवळरामनं ती हाक ऐकली, कुलपाचा आवाजही ऐकला. ओ देता आली नाही.

सकाळी चुन्नीलाल झाडायला वर गेला तेव्हा केवळराम तिपाईवर ताठ बसलेला. डोळे उघडे. तो धावत जाऊन केशोराव मास्तरांना घेऊन आला. मास्तरांनी खांद्याला हात लावून म्हटलं, "ऊठ बाळ."

केवळराम म्हणाला, "तुमच्या मनन्यानं होत नाही, सर."

दोघांनी काखेत हात घालून त्याला उचलला आणि जिन्यावरून उतरवला. तेरवी झाली, पाटावर नुसतं पान ठेवून. मनिरामनं चित्राचं विचारलं नाही. पोराची दशा पाहून काय विचारणार? केवळरामनं पुन्हा कोळसा हातात धरला नाही. आज तो शेती करतो, चालतो, बोलतो, लग्नही झालंय. पण तिन्हीसांजेला ओट्यावर टेकला की बसूनच राहतो. त्याची बायको सुमित्राबाई बिचारी ताट वाढून हाका मारते, मग येऊन दंडाला धरून उठवते. रोज. तिला कोणी काही सांगितलेलं नाही. सांगून तरी तिच्या हातात काय आहे? मी स्वतः एकदा त्याला विचारलं, इतकं का रे ऐकतोस तिचं, ती तर गेली. तर म्हणाला, "काका, ती बसली होती ना माझ्यासाठी. मग मी कायले उठू?"

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

त्याला खाली नेऊन बसवल्यावर मास्तर चुन्नीलालला घेऊन पुन्हा वर गेले. खुर्चीसमोरची पावलं नव्हती. पुसल्याचा डागही नव्हता, फरशी कोरी. तिपाईसमोर मात्र दोन पावलं होती, केवळरामच्या मापाची. चुन्नीलाल म्हणाला, लडके ने खुद बनाया होगा, दिमाग फिर गया बेचारे का. मास्तरांनी खाली पडलेला खडूचा तुकडा उचलला. केवळरामचे दोन्ही हात मनगटापर्यंत कोळशानं काळे होते. खडू पांढराशुभ्र होता, एक बोट उमटलेलं नव्हतं.

मग मास्तर गुडघ्यावर बसून ती रेघ बघत राहिले. तीस वर्षं त्यांनी लहान पोरांच्या हातात पहिला खडू दिलेला, अशी रेघ त्यांना लगेच कळते. ठिकठिकाणी तुटलेली. दाबून ओढलेली, थांबलेली, चुकेल म्हणून भीत भीत पुढं नेलेली. आयुष्यात पहिल्यांदाच खडू धरलेल्या हाताची होती ती.