चौथ्या मजल्यावरून गेलेलं गाव

हे घडलंय. पटत नसेल तर इथेच थांबा, समजूत घालायला मला वेळ नाही.

ठिकाण दुबई, अल कुसैस. माझ्या मोठ्या भावाचा, तय्यबभाईचा फ्लॅट. चौथा मजला. रात्रबित्र नव्हती. गेल्या हिवाळ्यातली रविवारची भर दुपार. बाहेर लख्ख ऊन होतं.

आधी एवढं ऐका. रायगडात खाडीकाठी आमचा मोहल्ला आहे. आहे म्हणजे... होता. कंपनीला तिथे बंदर हवं होतं. ग्रामसभेने नाही म्हटलं. कोर्टाने स्टे दिला. आम्ही जिंकलो होतो.

पण आमच्या गावाची एक जुनी खोड. बाप्ये सगळे आखातात, म्हणून गावाचा शब्द इथल्या गावकऱ्यांच्या जमात कमिटीच्या हातात. मशिदीला रंग कुठला द्यायचा, तेसुद्धा दुबईत ठरायचं. कंपनीने हे बरोबर हेरलं. गावाला विचारणं सोडलं आणि कमिटीला हॉटेलात नेऊन जेवू घातलं.

अध्यक्ष कोण? माझा भाऊ.

त्या दुपारी त्याच्या फ्लॅटवर कमिटीतले पाच जण अख्ख्या गावाच्या नावाने संमती देणार होते. घरं, वाड्या, कब्रस्तान, सगळं. आमच्या घरात हाफिजाचाची एकटी राहायची. अम्मी गेल्यावर तिनेच आम्हाला वाढवलं. आणि अब्बा तिथेच, कब्रस्तानात चिंचेखाली.

मी शारजाहून सही थांबवायला गेले होते.

जमिनीवर जेवणाचं दस्तरखान अंथरलेलं. वाफाळता भात, कोळंबीचं कालवण. भावाची मुलगी झारा कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन.

"काय करतेस गं?"

"स्कूल प्रोजेक्ट, फुप्पी. चेरोकी पीपल. दे वन इन कोर्ट. स्टिल, दे वर थ्रोन आउट."

मी म्हटलं, मोठ्याने वाच. तिने वाचलं. अमेरिकेतले मूळचे लोक. त्यांची स्वतःची लिपी, स्वतःचं वर्तमानपत्र. त्यांच्यातल्या मूठभर लोकांनी परस्पर जमीन सोडायचा करार केला. आम्हाला मान्य नाही, असं हजारोंनी लिहून दिलं. कुणी विचारलं नाही. मग सैनिक आले. माणसांना भरल्या ताटावरून उठवलं. गाई धार न काढलेल्या तशाच हंबरत राहिल्या. मग थंडीत शेकडो मैल चालवत नेलं. हजारो मेले.

"ऐकलंस, भाई?"

"सफा, तू गप बस. अमेरिकेतल्या आदिवासींचं आपल्याला काय? चाचीला टू बीएचके मिळतोय. लिफ्टवाला."

"आणि अब्बांना? त्यांनाही लिफ्ट?"

कमिटीतले फरदीनमामू फिस्सकन हसले. "कबरी हलवून देणार आहेत, बाय. फुल रिस्पेक्टने. यल्ला तय्यब, चल, कर सही, कालवण थंड होतंय."

भावाने पेन उचललं.

आणि...

गाय हंबरली.

चौथ्या मजल्यावर.

"झारा, व्हिडिओ बंद कर."

"आय डिडन्ट प्ले एनिथिंग, डॅडी."

पुन्हा हंबरली. आता जवळून. सड तटतटल्यावर गाय हंबरते तसं. ज्याने धार काढलीय त्याला हा आवाज ओळखू येतो.

मग कुत्री. भुंकत नव्हती... रडत होती.

मग पावलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये. एक नाही, दोन नाहीत. खूप. अनवाणी. कुणी बोलत नव्हतं. मधेच एखादं पोर खोकायचं... आणि खोकता खोकता गप्प व्हायचं.

दार मी उघडलं. सगळे माझ्या मागे येऊन उभे.

कॉरिडॉर रिकामा.

पण त्या बिल्डिंगमध्ये दिवे माणसाच्या हालचालीवर लागतात. कुणी चाललं तरच. पहिला दिवा लागला. मग दुसरा. मग तिसरा... जिन्याकडे. आणि ते विझेनातच. म्हणजे चालणारे संपतच नव्हते.

फरदीनमामू कलमा पुटपुटत होते. मघाचं हसू कुठे गेलं कुणास ठाऊक.

शेवटी दिवे विझले.

आम्ही आत वळलो.

दस्तरखानावर तेच जेवण होतं. पण भात वाळून खडे झालेला. कालवणावर हिरवी बुरशी. पाण्याच्या ग्लासांत धूळ. महिनोन् महिने सोडून दिलेल्या घरात असतं... तसं.

भाबी तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली.

तुम्हाला वाटेल, झालं, घाबरले, सही राहिली.

भुतांना माणसं घाबरतात, हा गैरसमज आहे. भावाने ताटं बाजूला सारली. फडक्याने जागा पुसली. आणि सही केली. मागोमाग चौघांनी.

"खलास," म्हणाला. "आता तरी घाबरू नका."

माझी सही मी दिली नाही. कुणाला नकोच होती. बहिणींना विचारतो कोण?

कंपनीने कोर्टात कागद दाखवला, अख्खं गाव राजी आहे. स्टे उठला. पाऊस लागायच्या आत पोलीस आले. हाफिजाचाची चुलीपुढे होती. भाकरी तव्यावर. तिला हात धरून बाहेर काढलं. त्या लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये ती ईदसुद्धा पाहू शकली नाही.

कबरी हलवल्या म्हणे. कुठे, ते आजवर कुणी दाखवलेलं नाही.

आता भावाचं सांगते.

तो संध्याकाळी ड्युटीवरून येतो. कुलपात चावी घालतो. आणि आतून आवाज येतो...

"कोन हाय?"

आमच्या कोकणीत. अब्बांच्या आवाजात.

तो नाव सांगतो. दार उघडत नाही. चावी फिरते, कुलूप उघडतं, पण दार हलत नाही. भाबी, झारा आरामात ये-जा करतात. त्यांना काहीच ऐकू येत नाही. त्याने फ्लॅट बदलला. मुहैस्नाला गेला. तिथेही तेच. आता गाडीतच झोपतो. मला फोन करून रडतो, "सफा, माझ्या घरात कुणीतरी राहतंय गं. मला आत घेत नाहीत."

मी काय सांगणार? राहू दे. त्यांनाही कुठेतरी राहायचंय.

असं बोलणं सोपं होतं... आजपर्यंत.

आज मी कामावरून आले. माझा नवरा रिझवान रुवैसला, रिफायनरीत. घरात कुणी नाही. कुलपात चावी घातली, आणि आतून...

"कोन हाय?"

दाराला तोंड लावून म्हणाले, "मी सफा, अब्बा. मी सही नाय केली."



मग कडी सरकली. दार आतून उघडलं... पूर्ण. ये म्हटल्यासारखं.

आत अंधार आहे. चुलीचा वास येतोय. आणि खूप माणसांचे श्वास.

दार अजून उघडंच आहे. मी जिन्यात बसून हे लिहितेय.