सराफ बाजारामागची खानावळ

"कोपऱ्यावरचं हॉटेल शोधताय? ते तर दिवाळीतच बंद झालं."

प्रतिभाने वळून पाहिलं. सराफ बाजारामागच्या गल्लीत, एका छोट्या खानावळीच्या दारात तिशीतला एक माणूस मेथी निवडत बसला होता.

२००४ चा फेब्रुवारी होता. प्रतिभा एका द्राक्ष निर्यात कंपनीत नोकरीला होती. हॉलंडचे खरेदीदार यायचे होते आणि त्यांना जुन्या नाशकातच जेवायचं होतं. जागा ठरवायचं काम साहेबांनी तिच्यावर टाकलं होतं. पंचवटीपासून भद्रकालीपर्यंत दोन दिवस ती फिरत होती... मनासारखं काही सापडत नव्हतं.

"तुमच्याकडे आठ माणसांची सोय होईल?"

"होईल. पण नका आणू."

"का?"

"आधी तुम्ही जेवा. मग कळेल."

भूक लागलीच होती. ती बसली. भाकरी, मेथी, काळ्या मसाल्याची आमटी. तो समोर उभा राहून तिचा चेहरा बघत होता.

"आमटी... जराशी कडवट आहे," ती हळूच म्हणाली.

"मसाला करपतो माझ्याकडून."

खानावळ त्याच्या आईची, साळूबाईंची. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. मग तो, समाधान, स्वयंपाकाला उभा राहिला, पण रोजची गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. पाडव्यापर्यंत बघायचं, नाहीतर कुलूप लावायचं, असं त्याने ठरवलं होतं.

खरं तर प्रतिभाने दुसरी जागा बघायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा तिथेच आली. तिने समाधानला कढई आतल्या खोलीत, साळूबाईंच्या खाटेजवळ न्यायला लावली. तिथे स्टोव्हवर खोबरं, धणे, मिरच्या भाजायला घेतल्या. वास दरवळला. साळूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. एकाएकी त्यांनी डावा हात वर केला.

"उतरवा," प्रतिभा म्हणाली. "झालं."

मग रोजच असं सुरू झालं. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत ती यायची, चाखायची, ऑफिसातल्या गमती सांगत जेवायची.

"तुम्ही चव बघायला येता, की..." एकदा समाधान म्हणाला.

"की काय?"

"काही नाही. मीठ बघा."

ती हसली. तोही हसला. मग जरा वेळाने त्याने विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

तिचा हात ताटातच थांबला. "सासरे. चांदवडला. माझे मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले... आग्रा रोडवर, ट्रकने उडवलं. सासऱ्यांनीच मला इथे शिकायला ठेवलं, मग इथेच नोकरी लागली."

समाधान आत गेला आणि तव्यावरची भाकरी आणून त्याने तिच्या ताटात वाढली. "ती गार झाली असेल. ही घ्या."

पाहुण्यांच्या दिवशी गल्लीत शिरताना साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इथे?" ते एवढंच म्हणाले. पण पाहुण्यांतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थाने आमटीची वाटी दोनदा पुढे केली. साहेब मान खाली घालून जेवत राहिले. आतल्या दारात खुर्चीवर बसलेल्या साळूबाई प्रत्येकाच्या ताटाकडे बघत होत्या. कित्येक महिन्यांनी त्या माणसांत येऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतिभा पुन्हा दारात उभी होती.

"आज काय ठरवायचंय?" समाधानने विचारलं.

"आज... काहीच नाही."

तो हात पुसत जवळ आला. "मग मी विचारू? तुम्ही कायमच्या याल का इथं... माझ्याकडे?"

तिचे डोळे भरून आले. "आधी अण्णांना, माझ्या सासऱ्यांना, विचारा. त्यांनी मला लेकीसारखं सांभाळलंय. त्यांच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही."

रविवारी दोघं चांदवडला गेले. पुंजाराम अण्णांनी ओट्यावर बसून समाधानचं सगळं ऐकून घेतलं. प्रतिभा आत, भिंतीला टेकून उभी होती.

"एक सांगा," अण्णा म्हणाले. "तुमच्याकडं जेवायला बसली की बोलती का ती?"

समाधान गोंधळला. "हो... खूप बोलतात. जेवण गार होतं."

अण्णांनी अंगणाकडे नजर वळवली.

"चार वर्षं, घरी आली की आमच्यात मुक्यानंच जेवायची ती," ते म्हणाले. "लय जीव तुटायचा." त्यांनी उपरण्याने डोळे टिपले आणि आत हाक मारली, "पोरी, पाव्हण्यांना पाणी दे. आणि ये, इथं बस... तारीख काढू."